पुरुमेंत

मे महिन्यातला तिसरा शुक्रवार.
पोंबुर्फ्याहून सातची बस, खिडकीशी जागा,
मांडीवर दोन रिकाम्या पिशव्या आणि यादी:
सोलं, गालमो, हरमलची मिरची दोन किलो,
आगरचं मीठ, माडाचा गूळ,
आणि सगळ्यात खाली, दुसऱ्या पेनानं,
लोकर.

म्हापशाच्या बाजारात शिरलं
की आधी नाक जागं होतं, मग डोळे,
मग पदराच्या गाठीतले पैसे.
मिरचीवाली आपला भाव सांगते, मी माझा.
ती कपाळावर हात मारते, मी चालू लागते,
चौथ्या पावलाला ती हाक मारते.
दोघींनाही पाठ आहे हे.
तरी दर वर्षी त्या चार पावलांत
माझ्या पाठीला कान फुटतात.

सुक्या मासळीच्या ओळीत घाई करू नये.
गालमो मुठीत घ्यावा, वरून सोडावा,
वाळूसारखा वाजला तर घ्यावा.
हे मला सासूनं नाही,
एका दारुड्या पोदेरानं शिकवलं.

पिएदादचं दुकान छत्र्या आणि मेणबत्त्यांच्या मधे,
एका माणसाला आडवं उभं राहावं लागेल एवढं.
“बाय, हे गर्मेंत लोकर कित्याक गो?”
“आणि तू विकतेस कशाला?”
उत्तर दोघींकडे नाही.
ती स्टुलावर चढते.

मला पिवळी हवी असते, काजूच्या बोंडाची,
अजून लाली न चढलेली.
सहा गुंडे निघतात. सातवा, ती म्हणते,
जवळजवळ तसाच.
जवळजवळ या शब्दावर मी आयुष्यात
बरंच काही घेतलेलं आहे. तोही घेते.
एक गुंडा गालाला लावते, घाम चिकटतो,
आणि तरीही, काय सांगू,
अंगावर शहारा येतो.

चूक पुढे झाली: लोकर
गालम्याच्या पिशवीत घातली.

मग जून, जुलै. घरात सगळं दमट,
काडेपेटी, पापड, नवरा.
हातांचं पुरुमेंत तेवढं कोरडं.
दोन सुलट, दोन उलट,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला ओळ पुरी.
कधी टाका निसटतो, बारा ओळींनी कळतो.
मी चिडत नाही. उसवायलाही बरं वाटतं.
सुटलेली लोकर कुरळी होते,
शाळेतून आल्यावर सोडलेल्या वेणीसारखी,
आणि थोडा वेळ तशीच मांडीवर राहते.

उजवी बाही सातव्या गुंड्याची. फिकी.
बोंड एका बाजूनं कच्चं राहिलं तशी.
सगुणनं स्वेटर दोन बोटांनी धरून पाहिला,
“हें गोंय,” म्हणाला, “शिमला न्हय.”
आणि नाक वर करून, “जेवायला काय, गालमो?”
“ना,” मी म्हटलं, “स्वेटर.”

खुंटीवर टांगला. मांजर त्याच्याखाली
देवासमोर बसावं तसं बसू लागलं.

दिवाळी गेली. नाताळचे तारे उतरले.
जानेवारीत एका पहाटे, पावणेसहाला,
चुलीकडे जाताना पाहिलं: खुंटी रिकामी.
धक्क्यावर गेले. नदीवर धुकं,
चोडणकडचा काठ पुसून टाकल्यासारखा,
पलीकडून फेरीचा भोंगा.
आधी दिसली ती फिकी बाही,
दोर फेकणारी.
आणि रॅम्पवर, पाय भिजू न देता,
आमचं मांजर.

माणसं म्हणतात, फेरीवर हल्ली
सुकटाचा वास येतो.
तो म्हणतो, इंजिनाचा.

पिशवीच्या तळाशी अर्धा गुंडा उरलाय, फिक्यातला.
टोपी होईल का? नाही होणार.
येत्या शुक्रवारी पिएदादला विचारायचंय,
जवळजवळ असाच आणखी एक आहे का.